लिनोवर कुर्डी कोरताना: विस्थापन छापायचं कसं?

कुशावतीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे चित्रकलेवर धागे निघतात ते बहुतेक रंगचित्रांवर. लिनोकट, वुडकट, एचिंग, लिथो या छापचित्रांच्या (म्हणजे ठशावरून कागदावर छापलेल्या चित्रांच्या) वाटेला फारसं कुणी जात नाही, म्हणून हा प्रपंच.

मी सांगे तालुक्यात राहतो, शाळेत चित्रकला शिकवतो आणि संध्याकाळी लिनो, म्हणजे लिनोलियमचा मऊ तक्ता, कोरत बसतो. सध्या कुर्डीवर एक संच करायला घेतलाय. गोव्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. साळावलीवर धरण झालं आणि त्याच्या पाण्यात कुर्डी गाव गेलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथली माणसं वाडें आणि वालकिणी इथे नेऊन वसवली. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव ते हेच. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जोती, विहिरी, जुन्या वाटा आणि वाळलेल्या झाडांचे बुंधे वर येतात. मे महिन्यात मूळ गावकरी सोमेश्वराच्या देवळाशी जमतात, ख्रिस्ती मंडळी कपेलाच्या (छोट्या चर्चच्या) फेस्ताला, म्हणजे सणाला जमतात. पाऊस लागला की गाव परत खाली.

अडचण अशी की या गावाचे फोटो आता इतके झालेत की बघणाऱ्याला काही वाटेनासं झालंय. भेगाळलेली जमीन, मध्ये देऊळ, वर ढग. तेच मी लिनोवर कोरलं तर फोटोची काळी-पांढरी नक्कल होईल, दुसरं काय?

हल्ली छापचित्रकार झरीना हाश्मी यांचं काम पुन्हा पुन्हा बघतोय. १९३७ चा जन्म, अलीगढच्या, शिक्षण गणिताचं. घरचे १९५९ मध्ये कराचीला गेले. त्या स्वतः बँकॉक, पॅरिस, टोकियो करत करत न्यूयॉर्कला राहिल्या आणि २०२० मध्ये लंडनला वारल्या. त्यांचा २००१ चा 'डिव्हायडिंग लाइन' नावाचा वुडकट आहे. हातकागदावर वरून खाली वाकडीतिकडी जाणारी एक जाड काळी रेघ, भारत-पाकिस्तान सीमेची. ही रेघ त्यांनी कोरलेली नाही. तिच्या दोन्ही अंगांचं लाकूड खरवडून काढलं आणि रेघ तेवढी उभी ठेवली, म्हणून शाई तिलाच लागली. बाजूला पटाशीचे तुटक ओरखडे उरलेत, जिथे सगळं लाकूड निघालं नाही तिथले. फाळणीवर इतकं नेमकं चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि त्यात माणूस एकही नाही.

कुर्डीसाठी अशी, पद्धतीतूनच बोलणारी वाट सापडेल का? माझ्या डोक्यात एक आहे. ठशाला एकदाच शाई लावायची आणि परत न लावता एकामागून एक छाप घेत जायचे. पहिल्यात घर ठळक, मग पुसट, मग नुसता कागद. कसं वाटतं?

---

मांडवीवारा

विषय छान. वाचतोय. चित्रातलं मला कळत नाही, पण कुर्डीला एकदा गेलोय. पार्किंगवरून भांडणं चालली होती, हे जाताजाता.

---

शाई_सळई

धागा काढल्याबद्दल आभार, नाहीतर छापचित्र म्हणजे पोस्टर छापणे असंच लोकांना वाटतं. मी बडोद्याला शिकलो, आता फोंड्याला असतो. थोडं परखड लिहितो, राग मानू नका.

पुसट होत जाणारं घर करू नका. त्याला घोस्ट प्रिंट म्हणतात आणि आर्ट कॉलेजच्या दर बॅचला एक तरी विद्यार्थी 'स्मृती' असं नाव देऊन ते करतोच. आठवण पुसट होते हे बघणारा घरूनच शिकून आलेला असतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कुर्डी पुसट होत नाही हो! ती दर मेमध्ये दगडन् दगड वर येते. तुमची पद्धत तुमच्याच विषयाच्या विरोधात साक्ष देतेय.

झरीनांचं उदाहरण तुम्ही दिलंत त्यातली मेख हीच आहे की तिथे क्रिया आणि विषय एक आहेत. रेघ ठेवायची तर दोन्हीकडचं सगळं काढावं लागतं. दुसरं उदाहरण बंगालचे छापचित्रकार सोमनाथ होर. १९२१ चा चितगावचा जन्म, बंगालमधल्या बटाईदार शेतकऱ्यांच्या तेभागा चळवळीत हिंडलेला माणूस. सत्तरच्या दशकात त्यांनी 'वून्ड्स' मालिका केली. मातीच्या सपाट थरावर सुरीने, तापवलेल्या सळईने घाव घालायचे. त्यावरून सिमेंटचा साचा काढायचा आणि त्यात कागदाचा ओला लगदा दाबून बसवायचा. वाळल्यावर पांढऱ्यावर पांढरी जखम हाताला लागते. बहुतेकांत शाईच नाही. दुष्काळ, दंगली, फाळणी सगळं त्यात आहे, पण ओळखीची आकृती शोधाल तर सापडणार नाही. समोरून दिवा टाकला तर काहीच दिसत नाही, कडेने टाकला की दिसतं.

तुम्ही आधी हे ठरवा की कुर्डीच्या बाबतीत क्रिया कुठली? बुडणं? वर येणं? की दर वर्षी तेच दोन्ही, परत परत? छापण्याची कला मुळात परत परत करण्याचीच आहे, तिथे काहीतरी सापडेल.

---

रापणकार

शाई_सळईंशी सहमत, आणि माझा वाद वेगळाच आहे.

गोव्यात 'स्थलांतर' हा विषय निघाला की आपली मंडळी दोनच गोष्टी काढतात. एक, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या धर्मांतराच्या धाकाने आपले देव आणि आपण नदीपार गेलो. दोन, आपले लोक मुंबई, आफ्रिका, आखात आणि आता पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडातलं स्विंडन. दोन्ही खरं, पण दोन्हीत जाणारे आपण. येणाऱ्यांचं काय? मडगावात मोतीडोंगरावर, वास्कोत बायण्याला, झुआरीनगरला, चिंबलला जे लोक राहतात त्यांच्यावर किती छापचित्रं झाली? बायण्याची वस्ती २००४ च्या जूनमध्ये पाडली, ऐन पावसात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थिवी आणि मडगावहून श्रमिक गाड्या सुटल्या, तेव्हा स्टेशनापर्यंत बायकापोरं चालत गेलेली आपण सगळ्यांनी पाहिलीत. त्यांच्याबद्दल आपण बोलतो ते 'भायले' (बाहेरचे) म्हणून, आणि कशाबद्दल? कचरा, भाडं, मतदारयादी.

कुर्डी जरूर करा. पण सुंदर दुःख आणि गैरसोयीचं दुःख असा भेद गोव्याच्या कलेत आहे आणि कुर्डी त्यातल्या सुंदर बाजूची. तिला फ्रेम शोभते.

---

धोबीतलाव_रिटर्न

रापणकार, तुमचा मुद्दा पोचला, पण जाणाऱ्यांचं दुःख 'सुंदर' म्हणून मोडीत काढायची घाई नको.

माझे वडील मुंबईत गावच्या कुडीत राहिले. नव्या पिढीला कूड ठाऊक नसेल. धोबीतलाव, माझगाव भागात गोव्यातल्या एकेका गावाची खोली असे, क्लब म्हणा. बोटीवर जाणारे तारवटी, आचारी, बॅण्डवाले दोन प्रवासांमधले दिवस तिथे काढत. भिंतीला लागून ट्रंकांची रांग, एका टोकाला आल्तार (ख्रिस्ती देव्हारा), आणि आपल्या ट्रंकेपुढची जमीन हीच आपली खोली. संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणायला हजर राहायचं हा नियम. आम्ही हिंदू, शेजारच्या वाड्यावरच्या ओळखीवर बाबांना काही काळ थारा मिळाला होता. ती ट्रंक आमच्याकडे अजून आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला बंदरांची नावं खिळ्याने ओरखडलेली आहेत, बाबांच्या आधीच्या मालकाने. मोंबासा, एडन, बसरा. शाई लावून कागद दाबला तर तेही छापचित्रच की!

आणि चित्रकार वामन नावेलकरांना विसरू नका. पोंबुर्प्याचे. गोवा, पोर्तुगाल, मोझांबिक असं आयुष्य तिन्हीकडे वाटलं गेलं, मोझांबिकमध्ये तुरुंगही पाहिला. तिथून निघाल्यावर प्रवासात शेकडो चित्रांनी भरलेली बॅगच गहाळ झाली. २०२१ मध्ये ते गेले. मी नेहमी म्हणतो, तो माणूस छापचित्रकार असता तर एखादी तरी प्रत कुठल्यातरी मित्राच्या भिंतीवर राहिली असती.

---

शाई_सळई

ट्रंकेचं झाकण!! त्याचा फोटो टाका कृपया. आणि त्याला शाई लावू नका हो, गंजलेल्या पत्र्यात शाई बसली की निघत नाही. वर पातळ कागद ठेवून मेणखडू फिरवा, ओरखडे पांढरे उठतील.

---

जुनाकागद

मी इतिहासवाला, चित्रकलेत लुडबूड करतो. पण या धाग्यात एक गंमत यायलाच हवी.

भारतातला पहिला छापखाना गोव्यात आला, सप्टेंबर १५५६ मध्ये. तो गोव्यासाठी नव्हताच. पोर्तुगालहून ॲबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला) निघालेल्या जेझुइट पाद्र्यांसोबत तो होता. पुढचा प्रवास रखडला आणि यंत्र जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजमध्येच राहिलं. म्हणजे आपल्याकडे छपाई आली तीच मुळी वाटेत अडकून. पुढे १६१६ मध्ये गोव्यातल्याच रायतूरला (राशोल) फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते रोमी लिपीत, कारण देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, पाडणं जमलं नव्हतं.

दुसरी गोष्ट कुर्डीची. रापणकारांनी देवांचं स्थलांतर वेगळं आणि आताचं वेगळं असं मांडलं. पण बघा, म्हालसा सोळाव्या शतकात वेर्ण्याहून म्हार्दोळला गेली, तिची वेर्ण्याची जागा रिकामी राहिली. कुर्डीत जांभ्या दगडात कोरलेली एक प्राचीन मातृदेवता होती, माणसापेक्षा मोठी. धरण झालं तेव्हा तिला उचलून कुठे ठेवलं? वेर्ण्याला, म्हालसेच्या जुन्या जागी. चारशे वर्षांच्या अंतराने एक देवी त्या जागेवरून परागंदा झाली आणि दुसरी परागंदा होऊन तिथे आली. कुर्डीचं जुनं महादेवाचं देऊळही उकलून धरणाच्या खालच्या बाजूला पुन्हा उभं केलंय. देवांचं पुनर्वसन आपल्याकडे चोख होतं, हे माझं खासगी मत.

तिसरी, कुशावतीकाठ यांच्या थेट कामाची. कावी ही भिंतीवरची चित्रकला बघा. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर कावेचा, म्हणजे तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि लोखंडी टोकाने तो खरवडून खालचा पांढरा बाहेर काढायचा. मोरजीला मोरजाईच्या देवळात आहे. खरवडून पांढरं काढायचं म्हणजे लिनोचाच हिशेब झाला. आणि ही कला गोव्याहून उत्तर कन्नडच्या किनाऱ्यापर्यंत सापडते, तीही बाहेर पडलेल्या सारस्वतांबरोबर गेली असं म्हणतात. काळ्या शाईचा हट्ट कशाला? कावेचा तांबडा वापरा.

---

कुशावतीकाठ

एकेक प्रतिसाद वाचून कामाला लागावंसं वाटतंय. घोस्ट प्रिंट बाद. शाई_सळईंचं 'परत परत' डोक्यात बसलंय.

जुनाकागद, वेर्ण्याची देवी पाहिलीय, पण तिला म्हालसेच्या जागेशी जोडून कधी बघितलं नव्हतं. कावेचा रंग करून पाहतो. अळशीच्या तेलात घोटून बघावं लागेल, माती जाडी राहिली तर ठशाच्या बारीक रेघा बुजतील. रेशमी कापडातून गाळावी म्हणतो.

एक प्रयोग आधीच केलाय तो सांगतो. गेल्या मेमध्ये कुर्डीत एका घराच्या जोत्यावर पातळ कागद ताणून धरला आणि वरून काळा मेणखडू आडवा फिरवला. चिऱ्याची छिद्रं पांढरी राहिली, कडा काळ्या उठल्या. दूरवरून बघितलं तर चंद्राच्या पृष्ठभागासारखं. पण एका ठिकाणी चिऱ्यावर पाथरवटाच्या टाकीचे तिरके घाव एका ओळीत उमटले. प्रत्यक्ष दगडावर उन्हात ते दिसत नव्हते, कागदावर आले. तीसचाळीस वर्षं पाण्याखाली जाऊन येऊन ते घाव तसेच आहेत. आता विचार असा की हे घासून घेतलेले कागद पार्श्वभूमी म्हणून ठेवायचे आणि त्यावर लिनोचा ठसा. प्रेस माझ्याकडे नाही. आईच्या जुन्या दवल्याची, नारळाच्या करवंटीची पाठ घासून छाप काढतो. गुळगुळीत झालेली आहे, लाकडी चमच्यापेक्षा बरी चालते.

फक्त कागदाला बुरशी येते. पावसाळ्यात तेलाची शाई आठ-आठ दिवस वाळत नाही आणि तोवर तांबूस ठिपके धरतात. यावर काही उपाय?

---

शाई_सळई

कपाटात साधा पिवळा बल्ब रात्रंदिवस जळत ठेवा, कागद भिंतीपासून लांब. ओल्या छापांमध्ये वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई आणि आम्ल दोन्ही उतरतं. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद वापरत असाल तर खळ किती आहे विचारून घ्या, खळ जास्त तर बुरशी जास्त. आणि सरळ उपाय म्हणजे छापायचं काम ऑक्टोबर ते मे, कोरायचं काम पावसात. लिनो पावसात कडक होतो, कोरण्याआधी तव्याच्या उबेवर जरा धरा. मोठी प्रेसच हवी असेल तर पणजीला आल्तिनोवर आर्ट कॉलेजात विचारून बघा, नाहीतर बडोद्याला 'छाप' आहे, १९९९ पासून छापचित्रकारांसाठीच चालवलेली जागा.

---

म्हापशाचा_स्क्रीनवाला

इथे पहिल्यांदाच लिहितोय. आमचं म्हापशाला स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान आहे. टी-शर्ट, पिशव्या, लग्नपत्रिका. बॅनर होते ते फ्लेक्सने खाल्ले.

तुम्ही सगळे ज्याला कला म्हणता ते आमच्याकडे दिवसाला शेकड्यांनी निघतं. फ्रेमवर जाळी ताणायची, इमल्शन लावायचं, पॉझिटिव्ह ठेवून उजेड द्यायचा, धुवायचं, आणि स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, ओढायची. एकेका रंगाला एकेक फ्रेम. रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगावर रंग जुळणं, केसभर हललं की माल परत. असो, हे सांगायला आलो नव्हतो.

रापणकारांनी येणाऱ्यांचा विषय काढला म्हणून लिहितो. माझ्याकडे एक कारागीर आहे, बागलकोटकडचा, पंधरावीस वर्षं इथेच. हात असा की एका ओढीत शाई सारखी बसते. मे महिन्यात दुकानातल्या टीव्हीवर कुर्डीची बातमी लागली होती. पाणी उतरलंय, लोक देवळात जमलेत वगैरे. हा स्क्वीजी हातात धरून बघत राहिला आणि म्हणाला, "आमचंपण असंच. पण आमचं वर येत नाही." त्याचं गाव आलमट्टीच्या पाण्यात गेलंय, कृष्णेच्या. जुन्या बागलकोट शहराचा बराच भागही त्यातच गेला, मग शेजारी नवनगर वसवलं. जमिनीच्या पैशांचं काय झालं ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बाप वारल्यावर गोव्याला आला.

आणि तो दिवसभर काय छापतो? 'आय लव्ह गोवा', खाली माड आणि होडी.

---

रापणकार

हे घ्या. मी इतकं लांबलचक लिहिलं ते या एका प्रतिसादात आलं.

---

मांडवीवारा

+१. स्क्रीनवाले, लिहीत राहा हो.

---

वाडेंची_नात

बरेच दिवस वाचनमात्र होते, पण हा धागा आमच्याच दारात आलाय म्हटल्यावर लिहिते. आजोळ कुर्डीचं, आता वाडेंला. आईचा जन्म कुर्डीतला, माझा इकडचा.

कुशावतीकाठ सर, एक विनंती. देऊळ काढू नका. मे महिन्यात आम्ही जातो तेव्हा देवळाकडे कॅमेरेच कॅमेरे असतात, नैवेद्याचं ताटसुद्धा धड नेता येत नाही. आमच्या घरात कुर्डीची गोष्ट निघते तेव्हा देवळाची निघत नाही. आजी सांगायची ती पाण्याची. तिकडे नदी, झरे, विहीर अंगणात. इकडे आले तर विहिरीवर रांग. धरणाचं पाणी सगळ्या दक्षिण गोव्याला, आणि ज्यांच्या घरावर ते साठवलं त्यांनी सुरुवातीला घागरी घेऊन उभं राहायचं. आजी चिडून बोलायची, रडून नाही. हे तुम्हा चित्रकारांना सांगायचंय, आमच्याकडे रडणारं कुणी नव्हतं. शेत मोडून दिलं, घरचे वासे, कौलं, दारं उतरवून ट्रकवर घातली आणि ती इकडच्या घराला लावली. आमच्या वाडेंच्या घराचा पुढचा दरवाजा कुर्डीचा आहे. चौकटीला बसत नव्हता म्हणून खालून चार बोटं कापलाय.

आणि छापचित्रांचा विषय आहे म्हणून एक. कुर्डीहून आणलेल्या सामानात देवाच्या तसबिरी होत्या, काचेच्या. लक्ष्मीची एक अजून देव्हाऱ्यावर आहे. कडा वाळवीने खाल्ल्यात, पण खाली इंग्रजीत बारीक अक्षरात छापखान्याचं नाव दिसतं, 'रवि वर्मा' एवढं वाचता येतं. तेही तुमच्या छापचित्रांत बसतं का?

---

जुनाकागद

बसतं म्हणजे? पहिल्या पंगतीत बसतं! तो ओलिओग्राफ, दगडावरून छापलेला, एकेका रंगाला वेगळा दगड. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये घाटकोपरला छापखाना काढला, प्लेगच्या साथीत तो मळवलीला, लोणावळ्याजवळ हलवला. जर्मन तंत्रज्ञ होते. त्या तसबिरींनी देव घरोघर पोचवले, ज्यांना देवळात शिरता येत नव्हतं त्यांच्याही भिंतीवर. ताई, ती तसबीर उन्हापासून लांब ठेवा, आणि काच काढून पुसायला जाऊ नका.

कलेच्या इतिहासात विस्थापनाची छापचित्रं म्हणून झरीना आणि होर यांची नावं येतात, ती यायलाच हवीत. पण विस्थापितांनी स्वतः उचलून नेलेलं छापचित्र कुठलं, तर हे.

---

शाई_सळई

वाडेंची_नात, दरवाजा चार बोटं कापलाय हे वाचून मी लिनोचा तुकडा शोधायला उठलो होतो. पण तो विषय सरांचा, मी हात लावत नाही.

झरीनांचाच अजून एक संच इथे आठवतो, २००४ चा, 'लेटर्स फ्रॉम होम'. बहीण राणी कराचीत, ही परदेशात. बहिणीने उर्दूत पत्रं लिहिली पण पाठवली नाहीत, पुढे एकदम हातात दिली. त्यात आईवडील गेल्याचं, घर विकल्याचं. झरीनांनी त्या हस्ताक्षराच्या धातूच्या पट्ट्या करून छापल्या आणि वर घराचे आराखडे, नकाशे लाकडी ठशांनी. आठ छाप आहेत. पत्र वाचता येतंही आणि येत नाहीही, कारण वर घराचा काळा चौकोन बसलाय. खासगी गोष्ट चारचौघांत मांडताना किती झाकायचं याचा इतका चांगला धडा मी शिक्षकांकडूनही घेतला नाही. आजीचं चिडणं असंच ठेवा, सगळं उघडं करू नका.

आणि आवृत्तीबद्दल. साधारण पद्धत अशी की ठरावीक प्रती काढायच्या, प्रत्येकीवर ३/१५ असा क्रमांक आणि सही घालायची, मग ठशावर आडवी चीर मारून तो रद्द करायचा, म्हणजे गॅलरीवाल्याला खात्री. बाजाराच्या दृष्टीने ठीक आहे. पण ज्यांची घरं रद्द झाली त्यांच्यावरच्या कामात ठसा रद्द करणं मला पटत नाही. हा माझा हट्ट समजा.

---

रापणकार

आवृत्तीवर माझंही ऐका. चित्रकार चित्तप्रसाद यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात मेदिनीपूरभर पायी फिरून चित्रं काढली. त्या चित्रांची पुस्तिका निघाली, ती इंग्रज सरकारने जप्त करून जाळली. पुढे ते मुंबईत, अंधेरीला राहिले आणि लिनोकट करत राहिले. लिनोच का? स्वस्त, प्रेस लागत नाही, कितीही काढा, कुणालाही द्या. आज त्याच लिनोच्या प्रती लिलावात जातात तो भाग वेगळा.

कुर्डीचा संच पणजीतल्या गॅलरीत, हातात वाईन घेतलेल्या लोकांसमोर लागणार असेल तर मी येणार नाही. वाडेंला लागणार असेल तर खुर्च्या मांडायलासुद्धा येतो.

---

धोबीतलाव_रिटर्न

गॅलरीवर इतका राग बरा नव्हे रापणकार. गॅलरीत लागलं नसतं तर झरीनांची रेघ तुम्हाआम्हाला सांग्यात बसून माहीत झाली असती का? दोन्हीकडे लावा. ट्रंकेच्या झाकणाचा फोटो रविवारी टाकतो, मुलीला सांगितलंय.

---

कुशावतीकाठ

ठरलं, निदान माझ्यापुरतं.

देऊळ नाही. दरवाजा घेतो, वाडेंची_नात यांची परवानगी असेल तर. दरवाज्याचाच लिनो, मूळ मापाच्या प्रमाणात. आणि संचातल्या दर छापाला ठशाच्या खालून थोडी पट्टी कापत जायची. म्हणजे पहिल्या छापात दरवाजा पुरा, पुढच्यात जरा आखूड, पण शाई शेवटपर्यंत तेवढीच काळी. पुसट काही नाही. मागे जोत्याचा घासून घेतलेला कागद, कावेच्या तांबड्यात.

पण यात शाई_सळईंची अट मोडते, कारण ठसा कापला की परत पहिली प्रत निघणार नाही. त्यामुळे दर कापण्याआधी भरपूर प्रती काढून ठेवायच्या, क्रमांक न घालता. आणि त्या फ्रेममध्ये नको म्हणतो. आमच्याकडे भिंतीवर काय लागतं? कॅलेंडर. बारा महिने, बारा छाप. मे महिन्याच्या पानावर कुर्डीला जमायचा दिवस. लिनोवरून स्क्रीन करून घेतली तर प्रती हव्या तितक्या निघतील.

स्क्रीनवाले भाऊ, तुमच्या कारागिरांना विचाराल का? बारातली काही पानं आलमट्टीची असावीत असं वाटतं. चित्र त्यांनी काढावं, मी फक्त कोरून देईन, किंवा तेही त्यांनीच करावं. मानधन दोघांना सारखं.

---

वाडेंची_नात

दरवाज्याला परवानगी आहे. माप घ्यायला या, पण मे सोडून कधीही, मेमध्ये आम्ही घरात नसतो. कॅलेंडर वालकिणीलाही द्या, नाहीतर तिकडचे आम्हाला बोलतील.

---

म्हापशाचा_स्क्रीनवाला

विचारलं. आधी म्हणाला चित्र येत नाही. मग बिलबुकाच्या मागे पेनाने काढून दाखवलं. घर नाहीच काढलं, बैल काढला आणि नदीचा घाट, पायऱ्या मोजून. म्हणाला पायऱ्या इतक्याच होत्या, कमी-जास्त करायच्या नाहीत. उगादी आणि यल्लम्माची जत्रा दोन्ही तारखांत हवीत, ही त्याची अट.

छपाई मजुरीच्या भावात करून देतो, कागद तुमचा. दोन रंगांच्या वर जाऊ नका, खर्च वाढतो. तांबडा मातीचा असेल तर आधी मला थोडा पाठवा, जाळी चोंदली तर फ्रेम वाया जाते. वरची टिनपट्टी आमच्याकडेच बसवतो. आणि तिथी-वार सगळे दोनदा तपासून सही करून द्या. मागे एका सोसायटीच्या कॅलेंडरात संकष्टी एक दिवस पुढे पडली होती. प्रूफ सेक्रेटरीने तपासून सही केली होती, तरी वर्षभर फोन मलाच.